फ्लॅपची आखणी आणि हातातला डॉप्लर : कुठे कामाचा, कुठे फसवा

अपघातात, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत किंवा भाजल्यामुळे गेलेला शरीराचा भाग भरून काढण्यासाठी दुसरीकडची त्वचा, चरबी, स्नायू किंवा हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह उचलून आणले जाते. या जिवंत तुकड्याला फ्लॅप म्हणतात. तो जगणार की काळा पडणार हे त्याला रक्त पुरवणाऱ्या एका बारीकशा रोहिणीवर आणि तिच्या सोबतच्या, रक्त परत नेणाऱ्या नीलांवर ठरते. ही रोहिणी त्वचेकडे नेमकी कुठून वर येते हे शस्त्रक्रियेआधी शोधायचे असले की बहुतेक सर्जन सर्वांत आधी जे साधन हाती घेतात ते म्हणजे ८ मेगाहर्ट्झच्या प्रोबचा, हातात धरायचा डॉप्लर, वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारे यंत्र. हे परीक्षण त्या साधनाचे आहे. कोणत्याही एका कंपनीचे नाव येथे घेतलेले नाही, कारण या वर्गातली यंत्रे एकाच तत्त्वावर चालतात आणि त्यांचे गुणदोषही जवळपास सारखेच आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो : यंत्र घ्यावे, नेहमी वापरावे, पण रक्तवाहिन्यांच्या रचनेत माणसागणिक जो फरक असतो त्याचा छडा हे यंत्र लावील अशा भरवशावर राहू नये. त्वचेखाली या जागी रक्त वाहते आहे का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर ते देते. ते रक्त कोणत्या मूळ रोहिणीतून आणि कोणत्या वाटेने आले हे त्याला विचारताच येत नाही, आणि फ्लॅपच्या बाबतीत घोळ होतो तो बहुधा तिथेच.

रक्तवाहिन्यांची रचना पुस्तकात एकच छापलेली असते, माणसांत मात्र ती सतत बदलते. त्वचेला कोणती रोहिणी कुठवर रक्त पुरवते याचे प्रदेश कार्ल मानशॉट यांनी १८८९ मध्ये आखले, मिशेल सालमों यांनी १९३६ मध्ये क्ष-किरणांच्या साह्याने ते अधिक बारकाईने मांडले, आणि १९८७ मध्ये इयन टेलर व पामर यांनी ‘अँजिओसोम’ ही कल्पना मांडून दाखवले की अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जाड अशा सरासरी ३७४ शाखा शरीरभर खालून त्वचेकडे येतात. या शाखांनाच पर्फोरेटर म्हणतात. त्यांची जागा, जाडी आणि मूळ यांत फरक असणे हा अपवाद नसून नेहमीचाच प्रकार आहे. एका भागातली शाखा बारीक निघाली की शेजारची बहुधा जाड असते, असा समतोलही त्यात दिसतो. म्हणूनच वेगळी रचना म्हणजे संकट असे नव्हे. ती आधी कळली तर आखणी बदलता येते. ती टेबलावर, कातडी उघडल्यावर कळली तर निर्णय घाईने घ्यावा लागतो, आणि ती कळलीच नाही तर फ्लॅप हातचा जातो. डॉप्लरची परीक्षा करायची ती या कसोटीवर : वेगळेपण तो आधी कळवतो का, आणि कोणत्या प्रकारचे?

यंत्र साधे आहे. मुठीत मावणारी पेटी, तिला जोडलेली तार आणि तारेच्या टोकाला जाड पेनासारखा प्रोब. प्रोबच्या टोकाशी असलेला एक स्फटिक सतत ध्वनिलहरी सोडतो आणि दुसरा परतलेल्या लहरी झेलतो. वाहत्या रक्तपेशींवरून परतताना लहरींची वारंवारता बदलते आणि तो बदल आपल्याला आवाज म्हणून ऐकू येतो. वारंवारता जितकी जास्त तितकी खोली कमी. ८ मेगाहर्ट्झचा प्रोब साधारण २ सेंटिमीटरपर्यंतचे नीट ऐकतो, ५ मेगाहर्ट्झचा त्याहून खोल जातो पण बारीक वाहिन्यांच्या बाबतीत मंदावतो. गर्भाचे ठोके ऐकण्यासाठी जे यंत्र मिळते त्याचा प्रोब २ ते ३ मेगाहर्ट्झचा असतो आणि फ्लॅपच्या कामाला तो निरुपयोगी आहे. पेट्या सारख्याच दिसत असल्यामुळे खरेदीच्या वेळी ही गफलत होऊ शकते, म्हणून प्रोबवर छापलेला आकडा वाचल्याशिवाय यंत्र ताब्यात घेऊ नये.

हे यंत्र कसे धरायचे यावर त्याच्या उत्तराचा खरेखोटेपणा इतका अवलंबून आहे की माहितीपुस्तिकेत याला चार ओळींत गुंडाळलेले पाहून आश्चर्य वाटते. ध्वनिलहरी आणि रक्ताचा प्रवाह एकाच रेषेत असतील तर आवाज सर्वांत जोरकस येतो. दोन्ही काटकोनात असतील तर तत्त्वतः काहीच ऐकू येऊ नये. याचा व्यवहारातला अर्थ असा की प्रोब त्वचेवर अगदी सरळ उभा धरला तर खालून वर येणारा पर्फोरेटर चांगला वाजतो आणि त्वचेला समांतर धावणारी वाहिनी क्षीण होते. प्रोब ४५ ते ६० अंशांत तिरका केला की उलट घडते. मनगटावर नाडी ऐकताना प्रोब तिरका धरायची सवय हाताला लागलेली असते, आणि तोच हात मांडीवर तसाच तिरका ठेवला की स्नायूच्या आवरणावरून आडवी जाणारी एखादी शाखा पर्फोरेटर म्हणून पदरात पडते. म्हणून आधी तिरका धरून शोध घ्यावा, आवाज सापडला की प्रोब हळूहळू उभा करावा, आणि उभा केल्यावरही जो आवाज टिकतो त्याच जागी खूण करावी. खूण केल्यावर प्रोब एक-दोन सेंटिमीटर चारी दिशांना सरकवून पाहावा. आवाज एका रेषेत पुढे पुढे सापडत गेला, तर ती आडवी धावणारी वाहिनी आहे. एका ठिपक्यापुरता राहून चहूकडे विरला, तर तो पर्फोरेटर असण्याची शक्यता अधिक.

दाबाचेही तसेच. पर्फोरेटर मिलिमीटरभराचा, त्यातला दाब कमी. प्रोब जरा दाबला की वाहिनी मिटते आणि आवाज बंद. जेल भरपूर घ्यावे आणि प्रोबचे टोक जेलवर तरंगल्यासारखे ठेवावे, त्वचेत रुतवू नये. नवशिक्या हाताला आवाज सापडत नाही तेव्हा तो आणखी दाबतो आणि होता तो आवाजही घालवतो. हा दोष यंत्राचा नाही, पण यंत्राने त्याची सूचना देण्याची काहीच सोय केलेली नाही, हे त्याच्या खात्यावर लिहायला हवे. खुणा करताना रुग्णाला शस्त्रक्रियेत ज्या स्थितीत ठेवणार त्याच स्थितीत ठेवावे, हेही तितकेच महत्त्वाचे. मांडी बाहेर वळली किंवा पोटाची सैल त्वचा एका बाजूला ढळली की त्वचेवरची खूण आवरणातल्या छिद्रावरून सहज सेंटिमीटरभर सरकते.

आता एकेक फ्लॅप घेऊ. या यंत्राला सरसकट गुण देण्यात अर्थ नाही. जागा बदलली की त्याची विश्वासार्हता बदलते.

मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागातून घेतला जाणारा फ्लॅप, ज्याला सगळे ए.एल.टी. (अँटेरोलॅटरल थाय) म्हणतात, तो डॉप्लरची खरी परीक्षा घेतो. १९८४ मध्ये साँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रथम मांडला तेव्हा त्याचे पर्फोरेटर दोन स्नायूंमधल्या पडद्यातून वर येतात असे त्याचे वर्णन होते. पुढे जगभर हा फ्लॅप वापरला गेला आणि उलटेच दिसले : पाचांपैकी चारांहून अधिक वेळा पर्फोरेटर मांडीच्या बाहेरच्या जाड स्नायूतून, म्हणजे व्हास्टस लॅटरॅलिसमधून वाट काढत येतो. पडद्यातला पर्फोरेटर थोड्या वेळात मोकळा होतो. स्नायूतला पर्फोरेटर सोडवताना बारीक फांद्या एकेक करून बांधत, स्नायू उलगडत मुळापर्यंत जावे लागते. शस्त्रक्रिया किती वेळ चालणार आणि कोणाच्या हातून व्हावी हे या एका फरकावर ठरते. डॉप्लरवर मात्र दोन्हींचा आवाज एकच.

आखणी ठरलेली आहे. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढायची, तिचा मध्य काढायचा आणि त्याभोवती ३ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायचे. मुख्य पर्फोरेटर बहुधा याच वर्तुळात, त्यातही खालच्या-बाहेरच्या चतकोरात सापडतो. आणखी एक-दोन असलेच तर ते मध्यापासून साधारण ५ सेंटिमीटर वर व खाली असतात. या वर्तुळात डॉप्लर फिरवला की सडपातळ माणसात पहिला आवाज पटकन मिळतो, आणि तो बहुतेक वेळा खरा निघतो. चरबीचा थर जाड असेल तर दोन्ही बाजूंनी फसगत होते : खोलवरचा पर्फोरेटर ऐकूच येत नाही, आणि ऐकू येतो तो चरबीतून तिरपा प्रवास करून आलेल्या वाहिनीचा टोकाकडचा भाग. आवरणातून ती वर आलेली असते दुसरीकडेच, आणि सुरी मात्र खुणेच्या हिशोबाने चालते.

उलट, अगदी बारीक मांडीत डॉप्लर जास्तच बोलका होतो. खोलवरची मुख्य शाखा, म्हणजे लॅटरल सर्कमफ्लेक्स फिमोरल रोहिणीची खाली उतरणारी फांदी, प्रोबच्या पल्ल्यात येते आणि तिचाच आवाज पर्फोरेटर म्हणून मोजला जातो. अशा मांडीवर पाच-सहा खुणा झालेल्या दिसल्या की मला आनंदाऐवजी संशय येतो.

मांडीतले सर्वांत त्रासदायक वेगळेपण म्हणजे तिरपी फांदी. सुमारे एक तृतीयांश मांड्यांमध्ये खाली उतरणारी आणि आडवी जाणारी या दोन शाखांच्या मध्ये तिसरी तिरपी शाखा आढळते, आणि त्वचेचा पर्फोरेटर कधी कधी नेमका तिच्यावर असतो. आपण पुस्तकाप्रमाणे खाली उतरणारी शाखा पेडिकल, म्हणजे फ्लॅपला रक्त आणणारा देठ, म्हणून जपत राहतो आणि त्वचेचे रक्त असते दुसऱ्याच शाखेतून. थोड्या लोकांत, शेकडा काही जणांत, उपयोगी पर्फोरेटर नसतोच आणि मांडीच्या आतल्या बाजूचा फ्लॅप, वरच्या बाजूचा टेन्सर फॅशिया लाटा या स्नायूचा फ्लॅप किंवा दुसरी मांडी असे पर्याय ऐन वेळी काढावे लागतात. यापैकी पर्फोरेटर नसण्याची शक्यता डॉप्लर बऱ्यापैकी आधी सांगतो : दोन्ही मांड्या ऐकून जिथे स्वच्छ, ठिपक्यासारखा आवाज असेल ती निवडता येते, आणि एवढ्या एका कारणासाठीही यंत्राची किंमत वसूल होते. तिरप्या फांदीबद्दल मात्र ते मुके आहे. भिंतीला कान लावला तर नळातून पाणी वाहते आहे एवढे कळते. तो नळ कोणत्या टाकीला जोडला आहे हे कळत नाही.

पोटाच्या फ्लॅपच्या बाबतीत माझे मत अधिक कठोर आहे. स्तनाच्या पुनर्रचनेसाठी पोटाखालची त्वचा आणि चरबी स्नायू न घेता उचलण्याची पद्धत, जिला डीप (डीप इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक पर्फोरेटर) म्हणतात, तिची सुरुवात कोशिमा आणि सोएदा यांनी १९८९ मध्ये केली. तिला रक्त पुरवणारी खोल इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक रोहिणी पोटाच्या सरळ स्नायूत शिरून कशी फुटते याचे तीन प्रकार मून आणि टेलर यांनी १९८८ मध्ये नोंदवले : २९ टक्क्यांत एकच खोड, ५७ टक्क्यांत दोन, १४ टक्क्यांत तीन. डावी आणि उजवी बाजूही बऱ्याचदा सारखी नसते. कोणत्या बाजूचा, कोणत्या रांगेतला, किती जाड आणि स्नायूतून किती लांब वाट काढणारा पर्फोरेटर निवडावा हाच या शस्त्रक्रियेचा कळीचा निर्णय, आणि यातली एकही गोष्ट डॉप्लर सांगत नाही. पोटावर तो भरपूर वाजतो. बेंबीभोवती प्रोब फिरवला तर इतक्या ठिकाणी आवाज येतो की निवड करणेच अवघड व्हावे, आणि त्यातले कित्येक आवाज आवरणावर आडव्या पसरलेल्या किंवा उपयोगाला न येणाऱ्या बारीक फांद्यांचे निघतात. आवाज मोठा म्हणजे वाहिनी जाड, हा समज येथे हमखास नडतो. त्वचेजवळची बारीक वाहिनी खोलवरच्या जाड वाहिनीपेक्षा मोठ्याने वाजते.

इथे सी.टी. अँजिओग्राफीचे, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सी.टी. स्कॅनचे, पारडे निर्विवाद जड आहे. मासिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या कामासाठी ती वापरून दाखवल्यापासून पोटाच्या फ्लॅपची आखणीच बदलली : पर्फोरेटरची जाडी, आवरणातले छिद्र, स्नायूतला मार्ग आणि मूळ हे सारे आदल्या दिवशी पडद्यावर पाहता येते आणि बेंबी शून्य धरून त्वचेवर मोजून घेता येते. त्यासाठी किरणोत्सर्ग आणि आयोडीनयुक्त द्रव्य यांची किंमत मोजावी लागते. मूत्रपिंड अधू असेल किंवा त्या द्रव्याची ॲलर्जी असेल तर तो मार्ग बंद होतो किंवा अरुंद होतो, आणि तेव्हा किरणोत्सर्ग नसलेली एम.आर. अँजिओग्राफी विचारात घ्यावी लागते. उच्च वारंवारतेची रंगीत सोनोग्राफी हा मधला मार्ग आहे : किरणोत्सर्ग नाही, वाहिनी दिसते, जाडी मोजता येते, आवरणातून वर येण्याची जागा डोळ्यांनी पाहता येते. ती शिकायला वेळ लागतो, पण सर्जनने स्वतः शिकावी अशी ती गोष्ट आहे. सोनोग्राफीचे यंत्र हाताशी असताना केवळ सवयीने डॉप्लरवर भागवणे म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवणे. पोटासाठी डॉप्लरचे काम एवढेच उरते की सी.टी.वरून मोजून काढलेल्या खुणेवर शस्त्रक्रियेच्या सकाळी प्रोब ठेवून ती खूण जागेवर आहे ना, हे ताडून पाहावे. हे काम तो उत्तम करतो.

पायातून घेतल्या जाणाऱ्या फिब्युलाच्या, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या, फ्लॅपबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे चूक झाली तर फ्लॅपवर निभावत नाही, पाऊल धोक्यात येते. रक्तवाहिन्यांसह फिब्युला हलवण्याचे काम टेलर यांनी १९७५ मध्ये मांडले आणि हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये खालच्या जबड्याच्या पुनर्रचनेसाठी ते वापरले. आज जबड्यासाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा हाडाचा फ्लॅप हाच आहे. गुडघ्याखाली साधारणतः तीन रोहिण्या असतात : पुढची टिबियल, मागची टिबियल आणि पेरोनियल. फिब्युला घेताना पेरोनियल हाडाबरोबर जाते, आणि उरलेल्या दोघी पावलाला पोसतात, असा सारा हिशोब आहे. पण काही माणसांत पुढची किंवा मागची टिबियल खुरटलेली असते आणि तिचे पावलातले काम पेरोनियल करते. क्वचित दोन्ही खुरटलेल्या असतात आणि पावलाचा सारा भार एकट्या पेरोनियलवर असतो. या शेवटच्या रचनेला पेरोनिया आर्टेरिया मॅग्ना म्हणतात. तिचे प्रमाण ०.२ टक्क्यापासून ८ टक्क्यांपर्यंत सांगितले जाते, कारण किती बारीक वाहिनीला खुरटलेली म्हणायचे यावर आकडा हलतो. अशा पायातून फिब्युला काढणे म्हणजे पावलाचा रक्तपुरवठाच काढून घेणे होय.

आणि नेमके इथे डॉप्लर सर्वांत धोकादायक दिलासा देतो. पावलाच्या वरच्या बाजूची डॉर्सालिस पेडिस नाडी हाताला लागते, प्रोबवर छान वाजते, घोट्याच्या मागची नाडीही वाजते, आणि आपण निर्धास्त होतो. पण पेरोनियल घोट्याच्या वर आपली एक शाखा पुढे पाठवून डॉर्सालिस पेडिस भरते आणि मागे जोडफांदीतून मागच्या टिबियलचा शेवटचा भाग भरते. दोन्ही नाड्या पेरोनियलच्याच असू शकतात. घोट्याशी आवाज आहे एवढ्याने त्याचे मूळ सिद्ध होत नाही. दोन्ही टिबियल घोट्यापासून वर गुडघ्यापर्यंत प्रोबने माग काढत गेले तर थोडा अंदाज येतो, पण स्नायूंखाली त्या ८ मेगाहर्ट्झच्या पल्ल्याबाहेर जातात. म्हणून फिब्युला घेण्याआधी पायांची अँजिओग्राफी, मग ती सी.टी. असो वा एम.आर., करावीच या मताचा मी आहे. नाड्या चांगल्या लागल्या तर तिची गरज नाही असे मानणारेही आहेत. मला ते पटत नाही.

फिब्युलाच्या त्वचेच्या भागासाठी मात्र डॉप्लर हवाच. मागच्या पडद्यातून येणारे पर्फोरेटर पायाच्या मधल्या आणि खालच्या तिसऱ्या भागात जास्त असतात, चरबी फारशी नसते, आवाज स्वच्छ येतो आणि त्वचेचे बेट, म्हणजे हाडासोबत उचलायचा त्वचेचा तुकडा, कुठे आखायचे हे ठरवता येते. एक मेख इथेही आहे. क्वचित ज्या पर्फोरेटरवर आपण बेट आखतो तो पेरोनियलवरून न येता मागच्या टिबियलवरून किंवा वरच्या सामाईक खोडावरून आलेला असतो, आणि मग हाड एका रोहिणीवर, त्वचा दुसरीवर अशी वाटणी होते. यंत्राच्या दृष्टीने तो आवाज निर्दोष असतो.

हाताच्या पुढच्या भागातल्या रेडियल फ्लॅपला डॉप्लरची गरज शोधासाठी नाही, कारण रेडियल रोहिणी बोटालाच लागते. तिथे त्याचा उपयोग, रेडियल बंद केली तरी तळहाताला रक्त पोचते का हे पाहणाऱ्या ॲलन चाचणीला धार आणण्यासाठी होतो. १९२९ पासून वापरात असलेल्या त्या चाचणीत तळहाताचा रंग परत येताना डोळ्यांनी पाहायचा असतो आणि पाहणाऱ्यागणिक उत्तर बदलते. त्याऐवजी अंगठ्याच्या कडेच्या बारीक रोहिणीवर प्रोब ठेवून रेडियल दाबली तर आवाज टिकतो की जातो हे नि:संदिग्ध कळते. आवाज गेला तर तळहातातली रोहिण्यांना जोडणारी कमान अपुरी आहे असे धरून दुसरा हात किंवा दुसरा फ्लॅप पाहावा. हाताची दुसरी, करंगळीकडची अल्नर रोहिणी स्नायूंखालून न जाता वरवर, त्वचेच्या अगदी जवळून धावण्याचा प्रकार काही टक्के हातांत असतो. तोही प्रोब तिरका धरून पहिल्या मिनिटात ओळखता येतो. ती ओळखली गेली नाही आणि फ्लॅप उचलताना कापली गेली, तर हाताच्या दोन्ही वाटा एकाच दिवशी बंद होतात. या फ्लॅपसाठी यंत्राला मी पैकीच्या पैकी गुण देतो.

नीलांच्या बाबतीत गुण तितक्याच सहज कापावे लागतात. ८ मेगाहर्ट्झचा प्रोब मोठी नीला ऐकवतो. तिचा आवाज ठोक्यांचा नसून वाऱ्याच्या घुमण्यासारखा सलग असतो, श्वासाबरोबर कमीजास्त होतो आणि खालचा भाग दाबला की फुगतो. पण फ्लॅपमधला रक्ताचा निचरा ज्या त्वचेलगतच्या संथ जाळ्यातून होतो ते त्याला ऐकू येत नाही. पोटाच्या फ्लॅपमध्ये निचऱ्याचा मोठा भार वरच्या, त्वचेजवळच्या इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक नीलेवर असतो, आणि ती पर्फोरेटरच्या सोबतच्या नीलांशी व मध्यरेषेपलीकडच्या नीलांशी कितपत जोडलेली आहे यात माणसामाणसांत मोठा फरक असतो. जोड तुटपुंजी असेल तर रोहिणी उत्तम चालूनही फ्लॅप जांभळा पडतो. याची पूर्वसूचना डॉप्लरकडून मिळत नाही, म्हणून ती वरची नीला उचलताना दोन-तीन सेंटिमीटर लांब राखून ठेवणे हीच खबरदारी घ्यावी.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर हे यंत्र आधीच्या आखणीपेक्षा जास्त उपयोगी ठरते. प्रोबवर निर्जंतुक पिशवी चढवताना आत जेल भरून टोकाशी हवेचा बुडबुडा राहणार नाही हे पाहावे. बुडबुडा राहिला की आवाज गायब होतो आणि उगाच पेडिकलवर संशय जातो. बाहेरून जेलऐवजी सलाइनचे काही थेंब पुरतात. त्वचा एका बाजूने उघडल्यावर, आवरणावरून थेट ऐकले की चरबीचा अडसर नाहीसा होतो आणि खरा पर्फोरेटर कोणता ते ठरते. दोन पर्फोरेटरपैकी एकावर तात्पुरती क्लिप लावून त्वचेच्या दूरच्या टोकाला ऐकावे, मग क्लिप काढून दुसऱ्यावर लावावी. कोण खरा पोशिंदा आहे ते तिथल्या तिथे कळते. जखमेलगतचीच त्वचा वळवून घेण्याच्या प्रोपेलर फ्लॅपमध्ये तर, जिथे नाव असलेली मूळ रोहिणी कोणती यापेक्षा जवळ एक दणकट पर्फोरेटर आहे का एवढेच महत्त्वाचे असते, या यंत्राला तोड नाही. कॉटरी, म्हणजे विजेने वाहिन्या डागण्याचे साधन, चालू असताना मात्र स्पीकरमधून नुसता खरखराट येतो. सहकाऱ्याला थांबायला सांगावे लागते, आणि घाईत असलेल्या सहकाऱ्याला ते आवडत नाही.

फ्लॅप बसवल्यानंतरच्या देखरेखीत त्याचा वापर सर्वत्र होतो, पण दोन अटींवर. त्वचेवर टाका घालून खूण केलेली जागा ज्या रोहिणीला फ्लॅप जोडला तिच्या थेट वर असू नये, नाहीतर फ्लॅप मेला तरी खालची रोहिणी वाजत राहते. दुसरे, रोहिणीचा आवाज आहे म्हणून नीला ठीक आहे असे समजू नये. नीला गुठळीने बंद झाली तरी रोहिणी पुढे काही तास ठोके देत राहते. तिचा आवाज आखूड, आपटल्यासारखा होतो, पण रात्रपाळीतल्या कानाला हा फरक लागेलच असे नाही. रंग, केशवाहिन्या भरण्याचा वेग आणि सुईने टोचून येणारे रक्त यांची जागा हे यंत्र घेत नाही. संपूर्ण आत गाडलेल्या फ्लॅपसाठी नीलेभोवतीच बसवायचा २० मेगाहर्ट्झचा वेगळा प्रोब असतो, स्वार्ट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेला. त्याची तुलना या यंत्राशी करणे रास्त नाही.

बांधणीबद्दल तक्रारी थोड्या पण खऱ्या आहेत. तार प्रोबमध्ये शिरते तिथे वारंवार वाकून आतून तुटते आणि आवाज येतजात राहतो. हा बिघाड हटकून होतो आणि अनेक यंत्रांत प्रोब वेगळा न मिळाल्याने संपूर्ण यंत्र बदलावे लागते. टोकावर वाळलेल्या जेलची खपली धरली की संवेदना मंदावते, आणि ती नखाने खरवडली की टोकाचे आवरण ओरखडते. ओल्या कापडाने लगेच पुसणे हाच उपाय. पडल्यावर स्फटिकाला तडा गेला तर बाहेरून काही दिसत नाही, म्हणून रोज काम सुरू करण्याआधी स्वतःच्या मनगटावर ऐकून पाहावे. ठोक्यांचा आकडा दाखवणारा पडदा, प्रवाहाची दिशा सांगणारे दिवे यांसाठी जादा पैसे मोजायची गरज नाही, फ्लॅपच्या आखणीत त्यांचा काहीही उपयोग होत नाही. हेडफोनची खाच मात्र असावी, कारण वॉर्डातल्या गोंगाटात क्षीण आवाज हरवतो, आणि स्पीकर मोठा केला तर आवाज थांबल्यावर रुग्णाचा जीव उगाच टांगणीला लागतो.

घ्यायचे असेल तर ८ मेगाहर्ट्झचा प्रोब, वेगळा काढता येणारा, आणि त्याच पेटीला लागणारा ५ मेगाहर्ट्झचा दुसरा, जाड थरांसाठी. शक्य असल्यास ८ चा एक जास्तीचा प्रोब कपाटात. ज्यांच्याकडे फक्त पोटाचे फ्लॅप होतात आणि सी.टी. व सोनोग्राफी दोन्ही हाताशी आहेत त्यांनी यावर फार खर्च करू नये. मांडी, हात आणि पाय यांचे काम करणाऱ्यांनी जरूर घ्यावे, आणि फिब्युलाच्या यादीत ज्या रुग्णाचे नाव आहे त्याच्या पायाची अँजिओग्राफी झाल्याशिवाय त्या पायावर प्रोब लावून खुणा करायला बसू नये.